भिंतीकडचा डोळा

किळस येणे हा मनुष्याचा स्वभावधर्म आहे, त्याला दोष देता येत नाही. परंतु किळस येते म्हणून मुक्या जिवाचे दुखणे दृष्टीआड करणे, हा मात्र अधर्म होय.

मित्रांनो, मी पांढऱ्या तोंडाची, आता वयस्क झालेली गाय आहे. माझ्या पापण्याही पांढऱ्या. अशा पापण्यांना प्रखर ऊन बाधते, हे आमच्या गोठ्यात कोणासही ठाऊक नव्हते. माझ्या दुधावर जाड साय धरे, म्हणून गिऱ्हाइके माझेच दूध आधी मागत.

एका उन्हाळ्यात डाव्या डोळ्याच्या कडेला मसुराएवढा गुलाबी फोड उठला. डोळे आले असतील, असे म्हणून घरच्यांनी मिठाचे पाणी शिंपडले. फोड वाढला, फुटला, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा बाहेर लोंबू लागला. मेलेल्या उंदरासारखी त्याची दुर्गंधी येई. पू गव्हाणीत ठिबके आणि मला माझ्याच घासाची शिसारी येई.

गिऱ्हाइके नाके मुरडू लागली, तेव्हा सासूबाईंनी सुनेला सांगितले, "अगं, हिची डावी बाजू भिंतीकडे करून बांध. दिसलंच नाही, तर कोण कशाला बोलेल?"

मग लोक माझ्या उजव्या, काळ्याभोर डोळ्याचे कौतुक करीत चरव्या भरून नेऊ लागले. पलीकडे भिंतीवर माझ्या पुवाचे पिवळे ओघळ सुकत होते. माझ्या डोळ्यापेक्षा त्या कौतुकाचीच मला अधिक घाण वाटे.

एकदा शेण काढताना सून भिंतीच्या बाजूला शिरली आणि तिला त्या मांसात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. ती बाहेर जाऊन ओकली. तोंड धुतले आणि कोणालाही न विचारता पशुवैद्यांना घेऊन आली.

ते म्हणाले, "हा कर्करोग आहे, वहिनी. लहान होता तेव्हा दाखवला असतात, तर डोळा वाचला असता. आता जीव वाचला तरी पुष्कळ."

"आम्हाला दिसलंच नाही हो," सासूबाई पुटपुटल्या.

"खरं आहे, आजी. भिंतीला दिसत होतं."

भूल देऊन त्यांनी डोळा काढला, पापण्या शिवल्या. बादलीत पडलेला तो गोळा हुंगून कुत्रेसुद्धा मागे सरले. सुनेने मात्र माझे तोंड शेवटपर्यंत धरून ठेवले. रोग हाडापर्यंत पोचला नव्हता, म्हणून मी जगले.

मित्रांनो, आपल्या जनावराच्या डोळ्यांत रोज पाहा. वास आला तरी पाहा.

त्या सुनेच्या हातांना सदैव यश लाभो. सासूबाईंना दीर्घायुष्य लाभो. आणि पुढे त्या अंथरुणाला खिळल्या, तर त्यांचे दुखणे पाहून कोणीही तोंड न फिरवो.