साप नव्हता

माझं तोंड लई फाटकं, अख्ख्या देवगावला ठावं हाय. भावकीला सोडलं नाय, सरपंचाला सोडलं नाय. पण जिथं बोलायचं तिथंच दातखीळ बसली, आन् माझं पोरगं गेलं.

माझा मालक बिरू. महिना महिना अंथरुणात पडून राहायचा, मग एकदम झोपच उडायची, नुसती बडबड. माझ्या लेकीची, सुकेशनीची सोयरीक ठरत होती, त्याच आठवड्यात त्यानं जीव दिला. म्या आन् दिरानं गावाला सांगितलं, साप चावला. पोरांनाबी तेच. खोटं पचावं म्हणून दर पंचमीला वारूळ पुजलं, लाह्या वाहिल्या, दूध घातलं.

दहा वर्षांनी अजिनाथ, माझा लेक, बापासारखाच अंथरुणात पडून राहाया लागला. संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईनं इचारलं, "घरात आणखी कुणाला हा त्रास होता? कुणी आत्महत्या केलीय?"

"छ्या! आमच्यात नाय बाई असलं काई." त्याच्यासाठी पोरी बघत होतो ना! सात महिन्यांनी त्यानंबी जीव दिला.

आता सुकेशनी. बाळंत झाल्यापासून भिंतीकडं तोंड करून पडती, लेकराला जवळ घेत नाय. काल जावयासंगं तिला त्याच बाईकडं नेलं. बाईनं तेच इचारलं. जावई शेजारीच बसलेला. वाटलं, आता पोरीला नांदवायचे नायत. मग म्हणलं, चुलीत गेलं नांदणं, माझी पोर जगली पायजे.

"हिच्या बापानंबी जीव दिला, बाई. साप नव्हता."

बाई रागावली नाय. म्हणली, "हा धोका रक्तातून येऊ शकतो, आजी. प्रत्येकाला येतोच असं नाही. पण आधी कळलं तर औषध नीट ठरवता येतं, माणसाला सांभाळता येतं. सांगितलंत ते बरं केलंत."

जावई उठून गेला नाय. त्यानं सुकेशनीचा हात धरला. माझ्या जिवात जीव आला.

पंधरा दिवस तोंड न उघडलेली माझी पोर तवा बोलली. "आई, शेवटच्या राखीला दादा मला म्हणला, सुके, आपल्या घरात समदे धड. मी एकटाच असा कसा निपजलो गं?"

ते म्या ऐकलं होतं. तिथंच चुलीपाशी बसले होते. ऐकलं, आन् भाकरी थापत राहिले.