दुसरा ठोका

भैयाजींना जाऊन सहा महिने झाले होते, पण हर्षाला विचाराल तर बाबांनी अजून घर सोडलं नव्हतं.

भैयाजी कोण, हे वडशात कुणाला सांगावं लागत नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी तीस हिवाळे प्रॉम्प्टिंग केलं. रोज नवं गाव, रोज वेगळं नाटक. नट लेकाचे पाठांतराच्या भानगडीत पडतात कशाला? सगळा भार पुढ्यात वही घेऊन बसलेल्या भैयाजींवर. त्यांची एक रीत होती. बोट मुडपून फळीवर एकदा ठोकलं की नटानं थांबायचं, वाक्य येतंय. दोनदा ठोकलं की अडलास तिथं सोड अन् पुढे जा. म्हातारपणी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं घसा खाल्ला, आवाज गेला, तेव्हा घरातही त्यांचं बोलणं तेवढंच उरलं. खाटेच्या लाकडावर एक ठोका, थांब. दोन ठोके, जा.

हर्षा त्यांची एकुलती एक. नागपूरला एका फायनान्स कंपनीत कर्जाचे प्रस्ताव तपासायची. बापाच्या दुखण्यापायी नोकरी सोडून वडशात आली, त्याला आता चौदा महिने झाले होते. तेवढ्यात नवऱ्याला, निकेशला, रॉटरडॅमची मोठी संधी आली आणि तो पुढे गेला. रोज फोन, "ये ना आता." हर्षाचं उत्तर ठरलेलं.

"येईन, पण नोकरी हातात घेऊन येईन. तुह्या सामानासंगं नाई येत मी."

चुकीचं काय होतं त्यात? परक्या गावात खिडकीशी बसून नवऱ्याची वाट पाहायला का ती एवढी शिकली होती?

म्हणून तिनं घरूनच लॅपटॉपवर तिकडच्या कंपन्यांना मुलाखती द्यायला सुरुवात केली. पहिली दुपारी दोन वाजता होती. तिकडे तेव्हा सकाळ. बाबांची खोली पलीकडे, मध्ये फळ्यांची भिंत. मुलाखत रंगात आली आणि भिंतीपलीकडून आवाज आला. ठक्. थांब.

"बाबा, दहाच मिनिटं," ती मनात म्हणाली आणि हेडफोन कानांवर घट्ट चढवला.

ती उठून गेली तोवर भैयाजी गेले होते. आई, गुणाबाई, पायथ्याशी बसली होती. "झोपेतच गेले," एवढंच म्हणाली. नोकरी मिळाली नाही ती नाहीच. बापानं जन्मभर लोकांना वाक्यं दिली, स्वतःचं शेवटचं द्यायला लेकीला थांब म्हणाला, आणि लेक थांबली नाही. तांदूळ निवडताना, वेणी घालताना हर्षाला हेच आठवायचं.

दोन महिन्यांनी दुसरी मुलाखत. आई शेजारच्या रुखमाकडे गेलेली, घर रिकामं. हर्षानं बोलायला तोंड उघडलं आणि पलीकडून, ठक्. तिनं घाबरून पुन्हा हेडफोन दाबला. काय बोलली तिचं तिलाच कळलं नाही. संध्याकाळी आईला म्हणाली, "आई, बाबा ठोकून राह्यले. मले थांब म्हणतेत." गुणाबाईच्या हातची पोळी तव्यावर करपली. तिसऱ्या मुलाखतीतही तेच झालं. साधा व्याजदराचा प्रश्न, पण हर्षानं भलताच आकडा सांगितला.

आता ही चौथी. हीही गेली तर निकेशनं काढलेलं पुढच्या महिन्याचं तिकीट रद्द करायचं, असं तिनं त्याला सांगून टाकलं होतं.

आई रुखमाकडे गेली. दोन वाजले. पडद्यावर एक वयस्क साहेब आले, बोलायला मवाळ. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग त्यांनी विचारलं, "मधले चौदा महिने काय केलंत?"

ठक्.

या वेळी हर्षाचा हात हेडफोनकडे गेला नाही. जीव गेला तरी आज थांबायचं. "माफ करा, माझे वडील बोलावतायत," ती इंग्रजीत म्हणाली आणि उठली.

दार ढकललं. बाबांच्या खाटेवर गुणाबाई बसली होती, बोट मुडपलेलं, लाकडावर टेकलेलं.

"आई? तू?"

म्हातारीनं पदर तोंडात कोंबला. "मांगच्या दारानं आली. मीच ठोकत होती, बाई. तू गेली त मी या घरात कोनाशी बोलू?"

"इतके दिवस तूच? त्या दुसऱ्या मुलाखतीलेबी?"

"नाई. तवा मी खरंच रुखमाकडे होती." गुणाबाईनं बोट लाकडावरून काढून घेतलं. "तू सांगितलं, तवा मले सुचलं. आन आणखी एक सांगतो. ते झोपेत नाई गेले. त्यायनं एक ठोका देल्ला, मी तुले बोलवाले उठली, त माहा हात धरला. मंग दुसरा देल्ला. मले वाटलं तू दोन्ही आयकले. तू म्हनाले लागली एकच होता, तवा तू जाशील म्हून म्या दुसरा गिळला."

हर्षाला आईची चीड आली, आणि त्याच क्षणी रडूही आलं. पण पलीकडे साहेब थांबले होते. ती तशीच, ओल्या डोळ्यांनी खुर्चीत येऊन बसली.

साहेबांच्या हातात तिचा अर्ज होता. त्यात चौदा महिन्यांपुढे तिनंच लिहिलं होतं, वडिलांचं आजारपण आणि मृत्यू. ते कागदाकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, "काय म्हणाले वडील?"

"पुढे जा म्हणाले," हर्षा म्हणाली.

साहेबांनी कागद खाली ठेवला. "मग जाऊ या पुढे," ते म्हणाले.

आठ दिवसांनी पत्र आलं. गुणाबाई बाबांची खोली झाडत होती. हर्षा दारात उभी राहून म्हणाली, "आई, मिळाली."

गुणाबाईनं झाडू टेकवला. खाटेवर बसली, बोट मुडपलं आणि लाकडावर एकदा ठोकलं. हर्षा दारातच थांबली. तिनं घाई केली नाही, कान झाकले नाहीत. बऱ्याच वेळानं दुसरा ठोका पडला.