पाठ केलेलं वाक्य

सातवीत नापास झाले तेव्हापासून इंग्रजी आणि मी एकमेकींच्या वाटेला गेलो नव्हतो. पण चाकणच्या कंपनीत अकरा वर्षं गाड्यांच्या वायरी तपासल्यावर लाइन लीडरची जागा निघाली. आमचे दिग्विजय साहेब म्हणाले, परदेशी पाहुणा ऑडिटला येतोय, त्याच्याशी नीट बोललात तर तुमचंच नाव पुढे पाठवतो. खोटं कशाला बोलू, ती जागा मला फार हवी होती.

मग दापोडीच्या आमच्या खोलीत शाळा भरली. मी पोळ्या लाटायच्या आणि लेकीने, वर्षालीने, ओट्याला टेकून विचारायचं. स्वतःला अ‍ॅम, एका वस्तूला इज, पुष्कळ असल्या की आर. माझ्या तोंडी सगळ्यांनाच इज. शेवटी ती म्हणाली, आई, एक पोळी इज, डबाभर पोळ्या आर. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. साहेबांनी तर एकच वाक्य दिलं होतं: ऑल पार्ट्स आर ओके. सुमनताई, काहीही विचारलं तरी हेच सांगा, म्हणाले. आठ दिवस मी तेच घोकलं.

आमच्याकडे खराब माल लाल पेटीत टाकतात. ऑडिटच्या दिवशी मात्र ती पेटी सकाळीच रिकामी करून पुसून ठेवायची, म्हणजे पाहुण्याला वाटावं, इथे काही बिघडतच नाही.

पाहुणा माझ्या टेबलापाशी थांबला. तयार मालातली एक वायर उचलून त्याने माझ्या हातात दिली आणि काहीतरी विचारलं. प्रश्न मला कळला नाही, पण टोकाची पिन हलतेय हे बोटांना कळलं. पाहुण्याच्या मागून साहेब मान डोलवत होते. पाठ केलेलं वाक्य जिभेवर आलंच होतं. पण ही वायर कुणाच्या तरी गाडीत ब्रेकपाशी बसणार होती.

"धिस इज नॉट ओके," मी म्हणाले आणि वायर लाल पेटीत टाकली.

पाहुण्याने वहीत काहीतरी लिहिलं. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शनिवारी फलकावर लाइन लीडर म्हणून आमच्याच लाइनवरच्या धनेशचं नाव लागलं. बसमध्ये मला रडू आलं.

"हे वाक्य मी कधी शिकवलं तुला?" घरी सगळं सांगितल्यावर वर्षालीने विचारलं.

"नाही शिकवलंस. माझं मीच केलं."

पुढच्या ऑडिटच्या सकाळी धनेश फडकं घेऊन आला. लाल पेटीत सात वायरी होत्या. त्याने पेटी उचलली आणि परत खाली ठेवली.

"ताई, राहू देऊ ना?"

"राहू दे," मी म्हणाले.

त्याने फडक्याने माझं टेबल पुसलं.