सुनेचा पेला आणि सासूचा पेला

गल्लीत आलेल्या बाबांनी सुनेच्या हातातल्या गाईच्या दुधाच्या पेल्यात हिरवी काडी फिरवली, तोंडातल्या तोंडात काहीबाही पुटपुटले आणि दहा मिनिटांत दुधाचा घट्ट गोळा झाला. बैठकीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळी गल्ली हात जोडून वाकली.

त्याआधी सासूच्या पेल्यात त्याच काडीने काही म्हणजे काही झालं नव्हतं.

"बाळाच्या आजीचा हात निर्मळ," बाबा ढेकर देत म्हणाले. "सुनेच्या अंगातलं दूध मात्र फाटलंय. लेकरू सारखं रडतं ते उगीच नाही. आजपासून पाजायचं बंद. तिला वर्षभर माहेरी धाडा, लेकरू इथेच ठेवा."

दोन महिन्यांची बाळंतीण भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवरून बाळ उचललं ते तिच्याच नवऱ्याने. ते पाहून त्याच्या आत्याला संताप आला. बाबा तर सोंगाड्याच, पण हा शिकलासवरलेला भाचा? शेण खायचं ते खायचं आणि वर हातही जोडायचे!

आत्याची वीस वर्षं चीजच्या कारखान्यात दूध थिजवण्यात गेली होती. तिने पुढे होऊन दोन्ही पेल्यांना हात लावला. सुनेचा कोमट, सासूचा फ्रिजमधला, गारेगार.

"बाबा, हा गार का?"

"वृद्धेला शीतल, बाळंतिणीला उष्ण. शास्त्र आहे, ताई."

"असं? वहिनी, तुमचा पेला जरा द्या."

तिने तो गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला. बाबा उठायला लागले. "बसा," आत्या म्हणाली, "तुमचंच शास्त्र बघतेय." बाळ टाहो फोडत होतं. पंधरा मिनिटांनी तिने पेला सासूच्या हातात देऊन तिरका केला. दूध हललं नाही, थिजलं होतं.

"मी काही केलं नाही हो," सासू रडकुंडीला आली.

"तुम्ही नाही आणि तिनेही नाही." आत्याने बाबांच्या हातातली काडी ओढून मोडली. पांढरा चीक ओघळला. "अंजिराची आहे. दूध थिजवायला आम्ही पूर्वी वासराच्या जठरातलं रेनेट वापरायचो, आता झाडांपासून काढलेलं एन्झाइम वापरतो. या चिकातही तसलंच असतं. कोमट दुधात चटकन काम करतं, गार दुधात पडून राहतं. माणसाच्या पापपुण्याशी त्याला काय घेणंदेणं?"

"श्रद्धा नसली की—" बाबांनी सुरुवात केली. "अहो, पुरे," दारातून कोणीतरी म्हणालं, आणि बाबा चपला शोधायला लागले.

भाच्याने खाली मान घालून बाळ आईला दिलं. ते प्यायला लागलं तशी खोली शांत झाली.

"आत्या, चुकलं."

"तिला सांग ते. आणि तुम्ही सगळे ऐका. बाळ रडतं तर डॉक्टरला दाखवायचं. चमत्कार दिसला तर आधी हात लावून बघायचं, मग विचारायचं. दोन पेले इतका वेळ तुमच्या डोळ्यांसमोर होते. एक गार का, एवढं विचारायला तुमच्यातला एकही पुढे आला नाही, आणि तिचं मूल काढून घ्यायला मात्र सगळे तयार होते."