दुमडलेलं टोक

मावशींनी हीटरची पिन भिंतीत खुपसली आणि तळहात जाळीसमोर धरला. तारा आधी करड्या, मग तांबूस, मग लालभडक झाल्या. दारात उभे असलेले साहेब हीटरकडे नाही, मावशींच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"लागतोय ना?"

"लागतोय. पण परत करायला आलेल्या बाई काउंटरवर सांगत होत्या, जरा वेळ चालला की जळका वास येतो."

"नव्या वस्तूला पहिल्या दिवशी वास येतोच, मावशी."

"पण साहेब, हा आता नवा कुठं राहिला?"

"तुमचा हात लागला की होईल," साहेब म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन निघून गेले. दुकानातले सगळे त्यांना माघारी 'चकाचक' म्हणत. बूट चकाचक, टक्कल चकाचक, आणि नजरेआड झालेली भानगड मिटलेलीच असते हा मनातला हिशेबही तितकाच चकाचक.

मावशींनी पिन काढली. वास येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर टेबलावर अजून ढीगभर वस्तू पडल्या होत्या.

खोलीच्या दारावर 'तपासणी' अशी पाटी होती. आत तपासणी थोडी आणि आंघोळच जास्त. गिऱ्हाइकांनी परत केलेली प्रत्येक वस्तू इथून न्हाऊन-माखून पुन्हा दुकानात जायची. बुटांच्या तळव्यांची माती ब्रशनं निघायची, केस वाळवायच्या यंत्रात अडकलेले परक्या बायकांचे केस चिमट्यानं. कपड्यांची बाजू इस्त्रीवाल्या काकांकडे होती. एका रात्रीपुरता मिरवून, फोटोबिटो काढून परत आलेला ड्रेस ते वाफेखाली धरायचे आणि नाक मुरडून म्हणायचे, "मापात बसला नाही म्हणे! बसला नाही तर बया नाचली कशी एवढी?"

गिऱ्हाईक दुकानाला टोपी घालायचं, दुकान पुढच्या गिऱ्हाइकाला. जमेला जमा, खर्चाला खर्च. मावशी स्वतःला या दोहोंमधली रेघ समजत. रेघेच्या नावावर काही मांडलेलं नसतं, अशी त्यांनी इतक्या वर्षांत स्वतःची समजूत घालून ठेवली होती. घराचं भाडं त्या रेघेतूनच निघत असल्यामुळे समजूत टिकलीही चांगली.

त्यांनी हीटर पुसला, वायरीला कारखान्यात असतात तशा घड्या घातल्या, पुस्तिका वर ठेवली आणि खोकं बंद करून टेप ओढली. शेवटी टेपचं टोक नखानं उचलून जरासं दुमडलं, आणि मग दाबून बसवलं.

एवढी एकच गोष्ट त्या कारखान्यासारखी करत नसत. घरातल्या टेपचं टोक त्या लहानपणापासून दुमडत आल्या होत्या, म्हणजे पुढच्या वेळी शोधत बसायला नको. इथंही हात आपोआप तसाच जायचा. खोकं उघडणाऱ्याचं नख तुटू नये, एवढंच त्यामागे होतं. साहेबांच्या कधी लक्षात आलं नव्हतं आणि गिऱ्हाईक तर खोकं फाडूनच उघडतं.

चार दिवसांनी मावशी घरी पोचल्या तेव्हा ते खोकं त्यांच्या आधीच येऊन बसलं होतं.

"आई, बघ काय आणलंय!" मुलगा म्हणाला. "तुझ्याच दुकानातून. मी म्हटलं, दुसरीकडे जायचंच कशाला? आमची आई तपासते तिथला माल, डोळे झाकून घ्यावा."

नात दिवस भरण्याआधीच जन्मली होती. तळहाताएवढं तोंड आणि रडणं मांजरीच्या पिलासारखं. खोली ऊबदार ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थंडी नुकतीच सुरू झाली होती आणि भिंती आतापासूनच गारठल्या होत्या.

मावशी खोक्याजवळ बसल्या. चष्मा पिशवीतच होता. त्यांनी टेपवरून बोट फिरवलं. टोकाशी बोटाला दुमड लागली.

या मोसमात हीटर एकच परत आला होता.

"हा नको," त्या म्हणाल्या.

"नको म्हणजे?"

"बदलून... नाही, परतच करून टाक. जाड पांघरूण घालू बाळाला."

"आई, डॉक्टरांनी खोली ऊबदार ठेवायला सांगितलीय," सून आतून म्हणाली. "पांघरुणानं नाक कुठं गरम होतं?"

मुलगा मावशींच्या समोर उकिडवा बसला. "तुला आवडला नाही का? का मी पूर्ण किंमत दिली म्हणून वाईट वाटतंय?"

मावशींनी काय काय सांगता येईल त्याची मनाशी जुळवाजुळव केली. सगळं सांगायचं तर ते हीटरवर थांबणार नव्हतं. मुलाच्या पायातले बूट, सुनेचा बाळंतपणातला गाऊन, स्वयंपाकघरातला मिक्सर, सगळं त्याच दुकानातून, त्यांच्याच शब्दावर आलेलं. त्यातल्या त्यात स्वस्तात सुटणारी गोष्ट त्यांनी निवडली.

"टेप बघ. टोक दुमडलंय. कारखान्यातली टेप सपाट असते. हे खोकं कुणीतरी उघडलेलं आहे."

मुलानं वाकून पाहिलं. त्याचे डोळे चमकले. "वा! याला म्हणतात नजर. मला जन्मात कळलं नसतं."

"पण आई," सून बाळाला थोपटत दारात आली, "तिथलं सगळं तुम्हीच तपासता ना?"

"सगळं माझ्याच हातून नाही जात गं."

सगळं त्यांच्याच हातून जायचं.

"उद्या माझ्या नावाचा उल्लेख करू नकोस तिथं," त्यांनी मुलाला सांगितलं. "पैसे परत घे आणि दुसऱ्या दुकानातून आण."

"बघतो," तो म्हणाला. टेपच्या टोकावर त्याचा अंगठा अजून कौतुकानं फिरत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीच्या खोलीत मावशींना तो पलीकडून ऐकू आला. मधली भिंत म्हणजे नुसती फळी. एरवी बाहेर कोण भांडतंय हे ऐकायला इस्त्रीवाले काका वाफ बंद करायचे. आजही त्यांनी केली.

"हे बघा, टोक दुमडलेलं आहे," मुलगा म्हणत होता. "कारखान्यात असं करतात का? उघडलेला माल नवा म्हणून देता?"

"अय्या, खरंच की," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "थांबा हं, दहा मिनिटांत आतून दुसरा मागवते. का पैसे परत हवेत?"

मावशींनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"पैसे कशाला? दुसराच द्या. घरी बाळ आहे. फक्त टेप बघून घेईन."

"पोरगा तयार दिसतोय," काका हसून म्हणाले. मावशी हसल्या नाहीत. उठून चार पावलं टाकली असती तर त्या दारात पोचल्या असत्या. फोन तर कुलपातच होता. इथले फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून साहेबांनीच तो नियम केला होता.

तेवढ्यात साहेब खोकं घेऊन आत आले. आज टकलावरही घाम होता.

"मावशी, हे काय आहे?"

"टेप."

"टेप मलाही दिसतेय. हे टोक कोण दुमडतं?"

"हाताला सवय आहे, साहेब."

"सवय! बाहेर एक गिऱ्हाईक टेपवरून मला शिकवतंय. कोण शिकवतं या लोकांना, कुणास ठाऊक." त्यांनी खोकं टेबलावर आपटलं. "काढा ही. दुसरी लावा. सपाट. आजपासून दुमड बंद."

"साहेब, हा विक्रीला नका ठेवू. याला वास येतो."

"आत्ता परत आला तो कशामुळे?"

"टेपमुळे."

"वासाचं नाव तरी काढलं त्यानं?"

मावशींनी खोकं स्वतःकडे ओढलं.

"मग? एका बाईच्या नाकावर मी माल भंगारात काढू?" साहेबांचा आवाज मऊ झाला. तो मऊ झाला की इस्त्रीवाले काकाही मान खाली घालून कामाला लागत. "मावशी, तुमच्यासारखा हात नाही कुणाचा. या वयात दुसरीकडे कुणी ठेवणारही नाही, हेही खरंच. आवरा पटकन."

त्यांनी जुनी टेप ओढून काढली, नवी लावली. टोकाशी येताच नख आपोआप उचललं गेलं. साहेब बघत होते. मावशींनी नख खाली घेतलं आणि अंगठ्यानं टेप सपाट दाबली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"आता कसं! कारखान्याच्या तोंडात मारेल," साहेब म्हणाले. गोदामातून आलेले हीटर ढकलगाडीवर रचलेले होते. त्यांनी हे खोकं त्यातच सरकवलं आणि गाडी स्वतः फिरवून तिचं तोंड दाराकडे केलं. मावशींनी मान वर केली तेव्हा सगळी खोकी सारखी दिसत होती. त्या एकेकावरून नजर फिरवत राहिल्या. गाडी दारातून बाहेर गेली.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच मुलानं त्यांचा हात धरून त्यांना खोक्यापाशी नेलं. "बघ, तुझ्यासाठी टेप तशीच ठेवलीय. पास कर."

मावशींनी बोट फिरवलं. टोक लागेना. नखानं खरवडून पाहिलं, तरी लागेना.

"सपाट आहे ना?"

"सपाट आहे."

"मग झालं तर!" त्यानं टेप टरकन फाडली.

हीटर बाळाच्या खाटेपासून जरा अंतरावर ठेवला गेला. तारा करड्या, तांबूस, लाल झाल्या. खोलीत ऊब पसरली आणि कितीतरी दिवसांनी सुनेनं खांद्यावरची शाल काढली. बाळानं मुठी सोडल्या. मावशी मात्र खुर्ची ओढून अगदी जाळीसमोर बसल्या.

"आई, लांब बसा की. डोळे कोरडे पडतील."

"असू दे. बरं वाटतंय."

"लहान मुलासारखी बसलीय बघ," मुलगा म्हणाला. "एवढी थंडी वाजत होती, तर बोलली का नाहीस?"

मावशी हळूहळू श्वास आत घेत होत्या. धुळीचा वास आला, मग तो गेला. साबणाचा, दुधाचा, बाळाच्या तेलाचा वास आला. गोदामात इतके हीटर होते, तोच कशाला येईल, असं त्यांना वाटू लागलं आणि त्या खुर्चीत जरा मागे रेलल्या.

"कसला वास येतोय का हो?" सून म्हणाली.

मुलानं फोनमधून मान वर केली नाही. "नव्या वस्तूला पहिल्या दिवशी वास येतोच."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. तो अगदी सरळ मनानं बोलला होता. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि पिन उपटून काढली. तारांचा लाल रंग विझत गेला.

"अगं, आता काय झालं? टेप तर तू स्वतः बघितलीस."

"बघितली."

"कोरी होती ना?"

"होती."

मुलगा वैतागला, पण आईवर ओरडायची त्याला सवय नव्हती. "बरं, राहिलं. उद्या परत करतो. आता ओळख झालीय, काही न बोलता ठेवून घेतात." तो खाली बसून हीटरकडून वायर गुंडाळू लागला.

सुनेनं शाल पुन्हा ओढून घेतली आणि बाळाला आत घेतलं. "ठेवून घेतात ते ठीक," ती म्हणाली. "पण मग त्याचं पुढं करतात काय हो, आई?"

वायर गुंडाळत गुंडाळत मुलगा मावशींच्या हातापाशी आला. पिन त्यांच्या मुठीत होती आणि अजून गरम होती.

"सोड की," तो म्हणाला.

मूठ काही उघडेना.