वायर तर खाली लोंबतेय

मित्रांनो, मी एक माइक आहे, आणि खरं सांगायचं तर आता दमलो आहे. वय विचाराल तर फार नाही. पण आमचं म्हातारपण वर्षांवर ठरत नाही. किती वेळा वायर उपसली आणि किती वेळा खुपसली, यावर ठरतं. त्या हिशेबाने मी पार पिकलं पान झालो आहे.

माझा जन्म कारखान्यातला. शेकडो भावंडांबरोबर पट्ट्यावरून सरकत असताना एका बाईने माझ्या छातीत पातळ पडदा बसवला, वर जाळी चढवली आणि जाळीवर हलकीशी टिचकी मारली. समोरच्या काचेवर रेघ उसळली. ‘हा चांगला आहे’ असं ती शेजारणीला म्हणाली. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. मला आपलं वाटलं, आता जन्मभर असंच चालणार. काय ती माझी समजूत!

माझा पहिला मालक चष्म्याच्या दुकानात कामाला होता. गाण्यात नाव काढायचं त्याच्या मनात होतं. रोज मऊ फडक्याने मला पुसायचा, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचा. मग त्याचं लग्न झालं, घर बदललं, आणि मी कपाटाच्या खणात जुन्या चार्जरांच्या गुंत्यात जाऊन पडलो. अंधार, धूळ आणि शेजारी एक बंद पडलेलं घड्याळ, एवढाच माझा संसार. पुढे घर आवरताना मी त्याच्या हाताला लागलो आणि त्याने मला विकून टाकलं.

मला विकत घेणारी एक तरुणी होती. तिला दिवस गेले होते. तिने मला स्वतःसाठी घेतलंच नव्हतं. माहेरी आली तेव्हा मला वडिलांच्या टेबलावर ठेवलं, वायर लॅपटॉपला जोडली, हेडफोन माझ्या पोटाच्या भोकात बसवला आणि म्हणाली, “बाबा, बाळासाठी तुमची अंगाई यात गाऊन ठेवा.” तेवढ्यात तिच्या गाडीची वेळ झाली आणि ती धावतपळत निघून गेली. बाकीचं काय ते दाखवायचं राहूनच गेलं.

तिचे वडील शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. गाठ काढली की जीवाची काळजी नाही, पण आवाज राहील याची हमी देत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तोवर घसा जपा, रोज थोडंच गा, हेही बजावलं होतं. बाळ यायचं होतं ते शस्त्रक्रियेनंतर. म्हणजे आजोबांचा आवाज त्याच्या कानावर पडायचा, तर तो माझ्यामार्फतच. अंगाई मास्तरांनी स्वतः रचलेली होती. लेकीला ते तीच गाऊन झोपवत असत.

मी म्हटलं, चला, एवढ्या दिवसांनी एक अर्थाचं काम मिळालं.

खोली एकच होती, पण ऐसपैस. खिडकीशी मास्तरांचं इवलंसं टेबल आणि त्यावर मी. पलीकडच्या भिंतीला काकूंचं शिलाई मशीन. काकू म्हणजे मास्तरांची बायको. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणते, म्हणून मीही म्हणतो. शाळा उघडायच्या होत्या आणि गणवेशांचा ढीग त्यांच्या मशीनशेजारी छातीएवढा झाला होता. टेबलावर जागा नाही म्हणून लॅपटॉप त्यांच्या कापड बेतायच्या फळीवर ठेवलेला. माझी वायर तिथपर्यंत ताणून नेली होती.

पहिल्या दिवशी मास्तरांनी लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. ‘दार लोटले, दिवा मंद केला, आता बाळा डोळे मीट.’ मी त्यांचा आवाज जसाच्या तसा त्यांच्या कानात घातला. श्वासाचीसुद्धा किनार सोडली नाही. ते थबकले. डोळ्यांत पाणी आलं. “अजून आहे गं आवाज,” असं काकूंना म्हणाले. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या जन्माचं सार्थक झालं.

आणि मग त्यांनी गाणं लॅपटॉपवर लावून ऐकलं. कुणीतरी विहिरीच्या तळाशी बसून गातंय, असा तो आवाज. वरून मशीनची खडखड आणि काकूंचं स्वतःशीच पुटपुटणं, “कॉलर उलटी लागली वाटतं,” अगदी ठणठणीत, शब्दन् शब्द.

मास्तर माझ्याकडे असे काही बघायला लागले, जणू मी त्यांचं घर लुटलंय.

मला कळलं होतं काय झालंय ते. मी ऐकत होतो, वायरमधून पाठवत होतो, पण पलीकडे घ्यायला कुणी नव्हतंच. लॅपटॉपच्या कपाळावर सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं, तो त्याचा स्वतःचा कान. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आता या नव्या पाहुण्याचं ऐक. तो बिचारा आपल्याच कानाने ऐकत बसला होता, आणि त्या कानाशी बसल्या होत्या काकू. हेडफोनचं म्हणाल तर तो थेट माझ्या पोटातून बोलतो, त्यात लॅपटॉपचा काही संबंध नाही. म्हणून कानात गोड आणि लॅपटॉपात पत्रा वाजवल्यासारखा. पण हे मी सांगणार कसं? मला दुसऱ्याचा आवाज पोचवता येतो, स्वतःचा नाही.

मग माझे हाल सुरू झाले. मास्तरांचा एक भाचा संगणकाच्या कंपनीत होता. तो फोनवरून उपाय सांगायचा आणि मास्तर निमूटपणे करायचे. वायर काढा, पुन्हा लावा. या भोकातून त्या भोकात लावा. लॅपटॉप बंद करून चालू करा. नवी वायर आणा. नवी वायर आली, पत्रा तोच. कुणीतरी सांगितलं म्हणून माझ्या डोक्यावर पायमोजा चढवला. धुतलेला होता, एवढीच देवाची कृपा. मला उशीवर ठेवलं, मग पुस्तकांच्या थप्पीवर, मग गोधडीच्या तंबूत. प्रत्येक उपायानंतर मास्तर पुन्हा पहिल्यापासून गायचे. डॉक्टरांनी थोडंच गा म्हटलं होतं, आणि हा माणूस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गात होता. त्यांचा आवाज रोज थोडा झिजतोय, हे त्या घरात फक्त मला कळत होतं. जाळीवर येणारा श्वास खरखरीत व्हायला लागला होता.

काकूंना मशीन बंद ठेवावं लागलं. गणवेश पडून राहिले, गिऱ्हाईकं दारात येऊन तोंड वाकडं करून परत गेली. त्या बिचाऱ्या पाय न वाजवता वावरायच्या. तरी एकदा कात्री खाली पडली, आणि गाणं ऐकताना ती कात्री टाळीसारखी वाजली. मास्तरांचा तोल सुटला.

“आयुष्यभर तुझी कटकट ऐकली. आता माझा शेवटचा आवाजसुद्धा तू धड राहू देईनास.”

काकूंनी मशीनवर झाकण घातलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मास्तरांनी माझी वायर हिसडून काढली आणि तेही दिवा न लावता तसेच बसून राहिले. मला फार वाईट वाटलं. मी नसतो तर हे भांडण झालं नसतं, असंही वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांना दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. सकाळी ते पुन्हा टेबलाशी आले. होईल तसं होवो, पत्रा तर पत्रा, पण बाळाला काहीतरी पाठवायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. हेडफोनला हातही लावला नाही. लॅपटॉपवरचं बटण दाबलं, माझ्यासमोर बसले आणि कसंबसं गायले. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा गाणं लॅपटॉपवर वाजत होतं. तीच विहीर, तोच तळ.

काकूंनी कप ठेवला आणि टेबलाखाली बघत राहिल्या.

“अहो, वायर तर खाली लोंबतेय. मग हे आलं कुठून?”

मास्तरांनी वायरकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा वायरकडे. त्यांचा चेहरा असा झाला, की मला हसावं की रडावं कळेना. त्यांनी भाच्याला फोन लावला. माइक जोडलेला नसतानाही आवाज तस्साच येतोय म्हणाले. भाचा मग म्हणाला, “काका, यादीत कुठला माइक निवडलाय? ते तर सगळ्यात आधी बघायचं असतं.”

“मग सगळ्यात आधी का नाही सांगितलंस?” मास्तर म्हणाले. एवढी साधी गोष्ट झालीच असणार, असं भाचा धरून चालला होता.

वायर जोडली, यादी उघडली. यादीत दोन नावं होती. मास्तरांनी माझ्या नावावर बोट ठेवलं, आणि काकूंनी जाळीवर टिचकी मारली. पडद्यावर रेघ उसळली. कारखान्यातल्या त्या बाईची आठवण झाली हो मला.

पण आता गायचं कोणी? मास्तरांचा घसा पार बसला होता. सगळा आवाज माझ्या दुरुस्तीतच खर्ची पडला होता. तरी ते बसले. पहिलं कडवं कसंबसं निभावलं. दुसऱ्या कडव्याला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तेव्हा काकूंनी ती ओळ उचलली. काकूंचा सूर कधीच लागायचा नाही, मास्तर त्यावरून त्यांना लग्नापासून चिडवत आले होते. पण मशीनवर बसून ही अंगाई त्यांनी इतकी वर्षं ऐकली होती, की एकही शब्द चुकला नाही. दुसरं कडवं त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं. मास्तर मान हलवून ताल देत राहिले. मी दोघांचंही सगळं घेतलं. मास्तरांचं नाक ओढणंसुद्धा घेतलं.

“आता पुरे,” काकू म्हणाल्या. “हेच पाठवा.”

शस्त्रक्रिया नीट झाली. जीव वाचला. आवाज मात्र परत आला नाही, उरली ती नुसती कुजबुज. नात झाली. ती अंगाई लावली की हुंकार देते आणि काकूंच्या कडव्यापर्यंत झोपते, असं लेक कळवते.

मला वाटलं, चला, आता पुन्हा खण आणि चार्जर. पण गणवेश अजून उरले होते, मशीन दिवसभर खडखडत होतं, आणि त्या आवाजात मास्तरांची कुजबुज काकूंना ऐकू येईना. शेवटी भाच्याने येऊन माझी वायर मोबाइलच्या चार्जरला लावली. हेडफोन चालायला मला तेवढी वीज पुरते. हेडफोन काकूंच्या कानावर आणि मी मास्तरांसमोर. तेव्हापासून दिवसभर मी एका माणसाची कुजबुज दुसऱ्यापर्यंत पोचवतोय. चहा कर, चष्मा कुठे ठेवलास, आज उकडतंय. कंटाळवाणं काम आहे, पण आहे.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. वायर ओढायची तर टोकाशी धरून ओढा, मधे धरून नको. धूळ पुसत जा. आणि कुणी नीट बोलत नाही म्हणून त्याच्यावर डाफरण्याआधी, त्याचं बोलणं आपल्यापर्यंत येतंय का ते एकदा बघा. आमच्यासारख्यांचं बघा आणि घरातल्या माणसांचंही बघा.

एक सांगायचं राहिलं. चार्जर जोडला त्या पहिल्याच दिवशी मास्तर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. मग अगदी जाळीला ओठ लावून म्हणाले, “त्या दिवशी मी तुला भलतंच बोललो.”

काकूंनी मशीन थांबवलं नाही. बाहीची शिवण पूर्ण केली.

“ऐकलं,” त्या म्हणाल्या. “तो पांढरा दोरा द्या इकडे.”