शेवंताअक्कांचे लाल आकडे

मित्रांनो, पंचवीस किलोपर्यंतचे काहीही मला टांगा, मी शंभर ग्रॅमच्या आत बरोबर सांगतो. त्यापलीकडचे मला फारसे कळत नाही. मी लहान मुलांचे वजन करण्याचा जुना काटा आहे. एक गोल तबकडी, एक सुई, आत स्प्रिंग आणि खाली कापडी झोळी, एवढाच माझा देह.

कारखान्यात मला जोडून, तपासून एका परदेशी बालपोषण संस्थेच्या शिरपूर कार्यालयात पाठवले. तिथे मी कामिनीच्या हाती आलो. ती नुकतीच अमळनेरच्या कॉलेजातून शिकून आली होती. डोंगराकडच्या गावांच्या वाटा तिला शेवंताअक्कांनी दाखवल्या. अक्का संस्थेच्या जुन्या कार्यकर्त्या. एकदा दीड वर्षाची मुलगी झोळीत बसली आणि माझी सुई साडेसहावरच थांबली. दोघींनी तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेले. तीन महिन्यांनी सुई आठच्या पुढे गेली.

"काटा खोटं नै बोलस, म्हनीसन पोर वाचनी," अक्का म्हणाल्या.

माझी एवढीच स्तुती झाली आहे. आपले काम आपल्याला समजले, असे मला तेव्हा वाटले होते.

पुढे कामिनी धुळ्याच्या कार्यालयात मनुष्यबळ विभागात गेली आणि आठवण म्हणून मलाही घेऊन गेली. चढत चढत ती तीन देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि बढत्या पाहणारी प्रमुख झाली. मी तिच्या कपाटाशेजारी खिळ्याला लटकत राहिलो. माणसे आत येत, तिच्यासमोर बसत आणि "कामगिरी मोजली" असे म्हणत बाहेर जात. कशाने मोजली, ते मला कधी दिसले नाही. बारा वर्षांत माझ्या झोळीत कोणी मूल ठेवले नाही. आकडेवारी पाहणारा तेजस तीत आपला डबा ठेवी. एक किलो तीनशे ग्रॅम. तो आकडा कोणाला नको होता.

यंदा निधी घटला. शिरपूरकडच्या दोन कार्यकर्त्यांपैकी एकाला कमी करायचे ठरले.

"मॅडम, जीवरामची चौऱ्याण्णव टक्के मुलं हिरव्यात आहेत. शेवंताबाईंची एकसष्ट," तेजस म्हणाला. "तक्ता स्पष्ट आहे."

कार्यकर्ते टॅबवर वजने भरत; हिरवी म्हणजे पुरेशा वजनाची मुले, लाल म्हणजे कमी वजनाची. ज्याच्याकडे हिरवी जास्त, त्याची कामगिरी चांगली. हा तक्ता कामिनीनेच बनवला होता आणि त्याच्याच जोरावर तिला मोठे पद मिळाले होते. मी गोंधळलो. सुई खाली थांबली म्हणून एकदा अक्कांचे कौतुक झाले होते. आता तीच सुई त्यांची नोकरी घेणार होती?

अक्का आल्या. खुर्चीत बसताच त्यांनी पदर खांद्यावर ओढला.

"काय वं कामिनी, तुन्ही खोली ते फ्रीज शे!"

कामिनी हसली नाही. "अक्का, तुमच्या गावांत लाल मुलं फार आहेत."

"शेतस ना. मी शोधी काढस त्यास्ले. हिरवं लिखाले काय लागस? येक बोट! पन पोर तितलंच राही."

अक्का गेल्यावर कामिनी खुर्चीतून उठली. मग तिने मला खिळ्यावरून काढले.

दुसऱ्या सकाळी तेजससह ती जीवरामच्या गावी गेली. मला अंगणवाडीच्या आढ्याला टांगले. पहिला मुलगा दोन वर्षांचा; त्याचे वजन जीवरामच्या टॅबवर दहा किलो चारशे होते. माझी सुई आठ किलो शंभरवर थांबली. दुसरा मुलगाही तसाच, तिसरी मुलगीही तशीच. माझी स्प्रिंग तर थकली नाही ना, अशी मलाच शंका आली. कामिनीलाही आली असावी. तिने दुकानातून दोन किलोचे माप आणून मला टांगले. मी बरोबर दोन दाखवले.

जीवराम उंबऱ्यावर बसला. "पहिल्या वर्षी मी खरंच लिहिलं होतं, ताई. यादीत माझं नाव सगळ्यात खाली आलं. लाल टाकलं की तेजसदादांचे दिवसाला चार फोन. हिरवं टाकलं की शाबासकी."



कामिनीने तिथेच मुख्य कार्यालयाला पत्र लिहिले आणि मोठ्याने वाचले: "हा तक्ता मी तयार केला. तो चुकीचा आहे. तिन्ही देशांत तो थांबवावा. शेवंताबाईंना कमी करता येणार नाही. पद कमी करायचेच असेल, तर माझ्यापासून सुरुवात करावी."

"मॅडम, पाठवण्याआधी थोडा विचार..."

"पाठवलं, तेजस. आता गाडीत बस आणि त्या मुलीला मांडीवर घे. तिन्ही मुलांना दवाखान्यात न्यायचंय."

अक्कांची नोकरी राहिली. कामिनीचे काय होणार, ते अजून ठरलेले नाही. खरे लिहिणाऱ्या माणसाची नोकरी धोक्यात का येते, हे मला अजूनही उमगलेले नाही. मी आता पुन्हा अक्कांबरोबर गावोगाव हिंडतो.

मित्रांनो, मला गंजू देऊ नका, पावसात ठेवू नका, एवढे तर मी मागतोच. पण माझी सुई खाली थांबली, तर ती वाचून दाखवणाऱ्यावर रागावू नका. आधी झोळीतल्या मुलाला उचला.